वाट वळते, झोत वळत नाही

पावसाळा सरला, मसाई पठारावरचे गवत पिवळे पडू लागले, की कोल्हापुरातल्या डोंगरी सायकलवाल्यांच्या रात्रीच्या फेऱ्या सुरू होतात. कुणी केर्लीवरून जोतिबाच्या पायथ्याला जातो, कुणी पोहाळे-गिरोलीच्या माळावर, कुणी दक्षिणेला कात्यायनीच्या टेकड्यांत. तयारीचे गडी पन्हाळा ओलांडून म्हाळुंग्याच्या वाटेने थेट मसाईवर चढतात. या मंडळींत नव्याने येणाऱ्याला सायकलच्या खालोखाल खर्च करावा लागतो तो दिव्यावर, आणि त्या वेळी मिळणारा सल्ला ठरलेला असतो : "भावा, लांब मारणारी बॅटरी घे. पाचशे मीटरवरचं झाड दिसलं पायजे."

सल्ला देणारी माणसे अनुभवी असतात आणि मनापासून बोलतात. तरीही डोंगरवाटेपुरता हा सल्ला चुकीचा आहे, आणि त्यापायी माणसे पडतात, म्हणून त्याचा प्रतिवाद करणे मला आवश्यक वाटते. माझे म्हणणे साधे आहे. डोंगरवाटेसाठी हँडलवरचा दिवा निवडताना झोत किती रुंद पसरतो हे आधी पाहावे, किती लांब जातो हे त्यानंतर.

समोरच्या बाजूचे म्हणणे आधी नीट मांडतो. ते असे आहे : जितके लांबचे दिसेल तितका सावरायला वेळ मिळतो. पसरट दिव्याचा निम्मा उजेड कडेच्या झुडपांवर वाया जातो. तो समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो आणि धुक्यात पांढरी भिंत उभी करतो. ज्यांनी रात्र रात्र सायकल चालवली ते बीआरएमवाले, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब पल्ल्याच्या फेऱ्या पुऱ्या करणारे, लांब झोताचाच दिवा लावतात. आणि शेवटी, आपल्या पूर्वजांनी याच डोंगरांत दिव्याशिवाय रात्री पार केल्या, तेव्हा एवढा काथ्याकूट कशाला? या प्रत्येक मुद्द्यात काही ना काही तथ्य आहे. म्हणूनच प्रत्येकाला उत्तर दिले पाहिजे.

सुरुवात बीआरएमवाल्यांपासून करतो, कारण त्यांच्या अनुभवाबद्दल मला आदर आहे. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत, सहाशे किलोमीटर चाळीस तासांत संपवायचे, तर रात्र टाळता येत नाही. पुढचा-मागचा दिवा आणि चमकणारे जाकीट तिथे नियमानेच सक्तीचे आहे. पण ती रात्र डांबरी रस्त्यावरची असते. रस्ता दूरवर सरळ दिसतो, कडेला पांढरा पट्टा असतो, वळणे मोटारींच्या वेगासाठी आखलेली असतात. उतारावर सायकल ताशी चाळीस किलोमीटरने धावते, म्हणजे सेकंदाला अकरा मीटर. खड्डा दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद गेला, तर सोळा-सतरा मीटर तिथेच संपले. पुढे कोरड्या डांबरावर थांबायला आणखी निदान दहा मीटर लागतात. या हिशेबाने पन्हाळ्यावरून वाघबिळाकडे डांबरी रस्त्याने उतरणाऱ्याला तीस-चाळीस मीटर स्वच्छ दिसलेच पाहिजे, आणि त्याने लांब झोताचा दिवा घेतला तर तो शहाणाच. रस्त्यासाठी हा सल्ला बरोबर आहे. चूक होते ती तोच सल्ला उचलून डांबर सोडलेल्या माणसाला देताना.

डोंगरवाटेवर वेग किती असतो? मुरमाड उतारावर, जांभ्याच्या पायऱ्यांमधून, रात्री, ताशी पंधरा ते वीस किलोमीटर म्हणजे पुष्कळ झाले. तोच दीड सेकंद धरा, आणि सुट्या मुरमावर पकड डांबराहून कमी असते हेही धरा. पंधराच्या वेगाला एकूण साडेआठ मीटर लागतात आणि विसाच्या वेगाला बारा-साडेबारा. उतार तीव्र असेल तर त्यात थोडी भर पडेल. म्हणजे पंधरा-वीस मीटरपर्यंत नीट दिसले की थांबण्यापुरती लांबीची गरज भागते. पाचशे मीटरवरचे झाड दिसून काय करायचे? त्या झाडापर्यंत पोहोचायला वाट दहा वेळा वळणार असते.

खरा प्रश्न वळणाचा आहे. सहा मीटर त्रिज्येचे वळण घ्या. डोंगरवाटेवर अशी वळणे पदोपदी असतात. त्या वळणात शिरल्यावर वाटेवरचा सहा मीटर पुढचा बिंदू तुमच्या सरळ रेषेपासून जवळजवळ एकोणतीस अंश बाजूला असतो. भूमिती शिकलेला कुणीही कागदावर हे काढून पाहू शकतो. पंधरा अंशांचा झोत मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना साडेसात-साडेसात अंशच उजळतो. कुणी म्हणेल, हँडल वळवले की दिवाही वळतोच की. वळतो, पण एवढ्या वळणाला हँडल दहा-अकरा अंशांहून जास्त वळत नाही. बाकीचे वळण सायकल पुढे जाईल तसतसे होते. उरलेले अठरा अंश कुणी उजळायचे? अरुंद झोत त्या क्षणी समोरच्या दरीत, करवंदीच्या जाळीत, कुठेही पडलेला असतो, पण वाटेवर नसतो. साठ अंशांचा झोत मात्र हँडल न वळवताही दोन्ही बाजूंना तीस-तीस अंश उजळतो, आणि चाक जिथे जाणार ती जागा त्यात सापडते.

आता खोक्यावरच्या आकड्यांकडे वळू, कारण दुकानात निर्णय होतो तो त्यांच्या जोरावर. 'पाचशे मीटर' म्हणजे काय? हातबॅटऱ्यांच्या मोजमापासाठी अमेरिकेत २००९ मध्ये 'एफएल १' नावाचे मानक आले आणि चांगले उत्पादक आज त्याच रीतीने आकडे देतात. त्यात झोताची लांबी म्हणजे असे अंतर, जिथे उजेड पाव लक्स उरतो. पाव लक्स म्हणजे साधारण निरभ्र पौर्णिमेचे चांदणे. म्हणजे पाचशे मीटरच्या दिव्याने पाचशे मीटरवर चांदण्याइतका उजेड पडतो. त्यात तिथला दगड दिसेल, असे आश्वासन कुणी दिलेले नाही.

हा आकडा गाठण्यासाठी मधल्या वाटेवर काय गमवावे लागते ते पाहा. पाचशे मीटरसाठी झोताच्या मध्याची तीव्रता साडेबासष्ट हजार कँडेला लागते. दिवा एक हजार लुमेनचा असेल, तर एवढी तीव्रता आणण्यासाठी सगळा उजेड सुमारे आठ अंशांत कोंबावा लागतो. कडेला थोडा फिकट उजेड सांडतो, पण कामाचा भाग तेवढाच. आठ अंशांचा झोत पाच मीटरवर किती रुंद होतो? सत्तर सेंटिमीटर. डोंगरी सायकलचे हँडल पाऊण मीटर किंवा त्याहून थोडे जास्त रुंद असते. म्हणजे ज्या दिव्याची लांबी सांगून तो विकला जातो, त्याचा झोत पाच मीटरवर तुमच्या स्वतःच्या हँडलइतकाही रुंद नसतो. दहा मीटरवर तो मोठ्या कष्टाने दीड मीटरच्या जवळ जातो. साठ अंशांचा झोत पाच मीटरवरच पावणेसहा मीटर रुंद असतो.

लुमेनच्या आकड्यानेही असाच घोटाळा होतो. लुमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडलेला एकूण उजेड. विहिरीवरची मोटर मिनिटाला किती पाणी उपसते हे कळले म्हणून उसाच्या कुठल्या सरीला किती पाणी पोहोचले हे कळत नाही. ते पाट कसा काढला आहे त्यावर ठरते. दिव्यात हे पाट काढण्याचे काम भिंग आणि आरसा करतात. झोताचा कोन दुप्पट केला की मध्याची तीव्रता साधारण चौथा हिस्सा होते. म्हणून दोन दिव्यांवर एक हजार लुमेन हा एकच आकडा छापलेला असला, तरी ते दोन अगदी वेगळे दिवे असू शकतात.

"मग रुंद दिव्याने लांबचे दिसणारच नाही," असे लगेच म्हटले जाते. गणित करू. हजार लुमेन साठ अंशांत समान पसरले, तर मध्याची तीव्रता सुमारे बाराशे कँडेला होते. दहा मीटरवर बारा लक्स, वीस मीटरवर तीन लक्स, म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याच्या बारापट. जर्मनीत सायकलच्या पुढच्या दिव्याला दहा मीटरवर किमान दहा लक्सची अट आहे आणि ती रस्त्यावरच्या सायकलींसाठी आहे. म्हणजे हजार लुमेनचा पसरट दिवा रस्त्यासाठी घातलेली ती अट मधोमध तर पुरी करतोच, आणि वर सगळी वाट उजळतो. चाळीस अंशांचा घेतला, तर दहा मीटरवर सव्वीस लक्स मिळतात. डोंगरवाटेच्या वेगाला याहून जास्त लागत नाही.

हा सल्ला मुळात आला कुठून, याचेही उत्तर याच गणितात आहे. एकेकाळी सायकलचे चांगले दिवे हॅलोजनचे होते. दहा वॅटच्या हॅलोजनमधून दीड-दोनशे लुमेन निघायचे. तेवढाच उजेड साठ अंशांत पसरला, तर दहा मीटरवर दोन-अडीच लक्सच उरतात. त्या काळी उजेड एकवटणे भाग होते आणि लांब मारणारा दिवाच चांगला, हे म्हणणे त्या काळी खरे होते. मग निळा एलईडी आला, त्यातून पांढरा उजेड काढता आला. या शोधासाठी इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. आज त्याच दहा वॅटमधून हजार लुमेनच्या आसपास उजेड हातात येतो. उजेड पाचपटीने वाढला. तो सगळा पुन्हा एका ठिपक्यात कोंबण्याचे कारण राहिलेले नाही. राहिली आहे ती जुनी सवय.

ठिपक्याचे आणखी एक नुकसान आहे आणि ते डोळ्यांत घडते. साडेबासष्ट हजार कँडेलाचा झोत पाच मीटरवर अडीच हजार लक्स टाकतो. अशा झगझगीत ठिपक्याकडे पाहिले की डोळा त्या उजेडाला जुळवून घेतो आणि भोवतीचा अंधार अधिकच गडद होतो. एकदा गेलेली अंधाराची सवय पुरती परत यायला वीस-तीस मिनिटे लागतात. शिवाय डोळा बारकावे पाहतो ते मधल्या जेमतेम दोन अंशांत. बाकीची नजर कडेची असते, आणि तोल, वेगाचा अंदाज, बाजूने काही हलले याची जाणीव, हे सगळे त्या कडेच्या नजरेवर चालते. अरुंद झोत ही कडेची नजर उपाशी ठेवतो. अशा दिव्यामागे चालवणाऱ्याला आपला वेग नीट उमगत नाही. तो एक तर भिऊन ब्रेक आवळत राहतो, किंवा वेग कमीच आहे असे समजून उतारावर सायकल सोडून देतो. दोन्हीची फळे गुडघ्यांवर आणि मनगटांवर दिसतात.

कडेचा उजेड वाया जातो म्हणणाऱ्यांनी आपल्या वाटांच्या कडेला काय असते ते आठवावे. मसाई हे जांभ्याचे पठार आहे. तिथे सपाट वाटणाऱ्या कातळाला मध्येच हातभर पायरी असते. गवतात जनावरांच्या खुरांनी पडलेले आणि वाळून घट्ट झालेले खड्डे असतात. वाटेच्या दोन्ही अंगांना करवंद आणि बाभूळ आलेली असते, कुणाच्या रानाभोवती काटेरी तार ओढलेली असते. चाक ज्या चार इंचांवरून जाते तेवढीच वाट असे डोंगरी सायकलवर कधीच नसते. पुढचे चाक घसरले तर पाय कुठे टेकवायचा, समोर दगड आला तर डावीकडून जायचे की उजवीकडून, हे ठरवायला दोन्ही बाजू आधीच दिसलेल्या लागतात. निवड करता येणे हेच या खेळातले कौशल्य आहे आणि अरुंद झोत ती निवडच काढून घेतो.

जनावरांचेही तेच. राधानगरीच्या अभयारण्यात रात्री सायकल घालण्याचा प्रश्न नाही आणि घालूही नये. पण गवे हद्द पाहून फिरत नाहीत. शाहूवाडी, पन्हाळा, राधानगरी या पट्ट्यात ते पिकांत उतरतात, आणि शहराच्या वेशीपर्यंत आल्याचेही कोल्हापूरने पाहिले आहे. गवा वाटेच्या मधोमध उभा राहून आपली वाट पाहत नाही, तो कडेने येतो. त्याचे चमकणारे डोळे तीस अंशांवर दिसले तर थांबून मागे फिरता येते. समोरच्या ठिपक्यात एकदम दिसले, तर बहुधा उशीर झालेला असतो.

आता समोरच्यांच्या सगळ्यात वजनदार मुद्द्याकडे येतो : पसरट दिव्याने समोरच्याचे डोळे दिपतात. हा मुद्दा मला मनापासून मान्य आहे. आपल्या पाणंदी सायकलवाल्यांसाठी केलेल्या नाहीत. शेतीची वीज रात्रीची येते तेव्हा उसाला पाणी पाजायला शेतकरी त्याच पाणंदीने जातो. गळीत हंगामात उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्या रात्रभर चालू असतात. त्या गाडीवानाच्या, बैलांच्या, शेतकऱ्याच्या डोळ्यांवर हजार लुमेन मारणे हा सरळ अपराध आहे. ज्याच्या वाटेने आपण हौसेला जातो, त्याला तिथे आंधळे करण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिलेला नाही.

पण यावरून रुंद दिवा नको असे निघत नाही. डोळे दिपतात ते उजेड वर गेल्याने आणि तीव्रतेने. अरुंद झोताची तीव्रता तर कित्येक पटींनी जास्त असते. तो थेट डोळ्यांवर आला, तर पसरट दिव्यापेक्षा फार वाईट दिपवतो. रुंद असणे आणि उंच असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लंबगोल झोत देणारी भिंगे मिळतात, ती उजेड आडवा चाळीसेक अंश पसरवतात आणि उभा दहा-पंधरा अंशांतच ठेवतात. असा दिवा किंचित खाली झुकवून लावला की वाट कडेपासून कडेपर्यंत उजळते आणि समोरच्याच्या छातीवर उजेड थांबतो. जर्मन नियमांतल्या दिव्यांना वरून कापल्यासारखी रेषा असते ती याचसाठी. माणूस दिसताच दिवा मंद करायचा, गाडी आली की थांबून बाजू द्यायची. एवढे शिष्टाचार प्रत्येक फेरीत सक्तीचे असले पाहिजेत, दिवा कुठलाही असो.

पाणंदीत दोन्ही बाजूंनी ऊस वाकलेला असतो तेव्हा पसरट उजेड पानांवर आपटून डोळ्यांवर येतो, ही तक्रारही खरी आहे. त्यावर उपाय बटणात आहे. तिथे वेग बेताचाच ठेवायचा असतो, तेव्हा तिसरा हिस्सा उजेडही पुरतो. दिवा निवडताना त्याच्या सगळ्यात मंद पायरीवर काय दिसते हेही म्हणून पाहावे.

धुक्याचा मुद्दा असाच तपासू. पंचगंगेच्या काठाने हिवाळ्यात आणि पन्हाळ्यावर पावसाळ्यात धुके दाटते, त्यात पसरट दिवा पांढरा पडदा उभा करतो हे खरे. पण धुके उजेड परत फेकते ते प्रत्येकच दिव्याचा. लांब झोताचा दिवा धुक्यात पांढरा खांब उभा करतो आणि त्याच्या लांबीचा उपयोग शून्य होतो. धुक्यात सगळ्यात वाईट अवस्था असते ती हेल्मेटवरच्या दिव्याची, कारण त्याचा उजेड डोळ्यांच्या अगदी जवळून निघून थेट डोळ्यांवर परततो. तिथे हेल्मेटचा दिवा बंद करावा, हँडलवरचा मंद करून आणखी खाली झुकवावा, वेग पायी चालण्याच्या जवळ आणावा. खालून निघालेला मंद, आडवा पसरलेला उजेड हाच धुक्यातल्या दिव्यांमधला बरा पर्याय आहे. मोटारींचे धुक्याचे दिवे खाली आणि पसरट बसवलेले असतात ते काही उगाच नाही.

मग लांब झोताला जागाच नाही का? आहे, आणि ती हेल्मेटवर आहे. डोके जिकडे वळते तिकडे तो वळतो, म्हणून त्याचे अरुंद असणे तिथे खपते. वळणाच्या पलीकडचे, डोक्याच्या उंचीची फांदी, खालच्या टप्प्यावरची वाट, हे तो शोधतो. पण एकट्या हेल्मेटच्या दिव्यावर कुणी भिस्त ठेवू नये. त्याचे कारण सावली. हँडल जमिनीपासून सुमारे एक मीटर उंच असते. तिथून आठ मीटरवरच्या दहा सेंटिमीटर उंच दगडाची सावली जवळजवळ नव्वद सेंटिमीटर लांब पडते, आणि आपले डोळे दिव्यापेक्षा वर असल्याने ती सावली आपल्याला दिसते. दगड किती उंच, खड्डा किती खोल, हे डोळा त्या सावल्यांवरून ओळखतो. हेल्मेटचा दिवा डोळ्यांच्या शेजारीच असतो, त्यामुळे सावली दगडाच्या मागे लपते आणि सगळी वाट सपाट दिसू लागते. जांभ्याची पायरी सपाट दिसणे म्हणजे काय, हे ज्यांनी उतरून पाहिले आहे त्यांना सांगायला नको. म्हणून जोडी अशी हवी : हँडलवर रुंद, हेल्मेटवर त्याहून अरुंद. पैसे एकाच दिव्याचे असतील, तर तो हँडलवरचा रुंद.

बॅटरी लवकर संपते, हा आक्षेपही नीट विचार केला तर टिकत नाही. रुंद झोताला वीज जास्त लागत नाही. तीच वीज वेगळी वाटली जाते. हजार लुमेनला दहा वॅट धरा. १८६५० आकाराचा चांगला सेल तीन हजार ते साडेतीन हजार मिलिअँपिअर-तासांचा असतो. तीन हजारांचे चार सेल म्हणजे सुमारे त्रेचाळीस वॅट-तास, म्हणजे पूर्ण उजेडावर चार तास. दोन सेलचा दिवा दोन तास. मसाईवर जाऊन परतणाऱ्याने हा हिशेब घरी करावा आणि दोन सेलचा दिवा असेल तर जादा सेल बरोबर ठेवावेत. आणि त्याच आकाराच्या सेलवर नऊ हजार नऊशे मिलिअँपिअर-तास छापलेले दिसले, तर तो सेल विकत घेऊ नये. एवढी वीज त्या डबीत मावत नाही, आणि जो आकड्यात खोटे बोलतो त्याच्या सेलच्या सुरक्षिततेवर विश्वास कसा ठेवायचा?

रंगाबद्दलही एक सांगितले पाहिजे, कारण आपली माती तांबडी आहे. स्वस्त दिव्यांचा निळसर पांढरा उजेड डोळ्याला तेजस्वी वाटतो, पण त्यात तांबड्या छटा कमी असतात. जांभा, तांबडी माती आणि वाळके गवत त्या उजेडात एकसारखे राखाडी दिसू लागतात. चार ते पाच हजार केल्व्हिनचा, किंचित उबदार पांढरा उजेड घ्यावा. लुमेन थोडे कमी मिळाले तरी दगड आणि माती वेगवेगळे दिसतात.

राहिला पूर्वजांचा मुद्दा. जुलै १६६० च्या पावसात, सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज रात्रीच पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघाले, बांदलांचे लोक बरोबर होते आणि बाजीप्रभूंनी खिंड लढवली. ही वाट आमच्यासाठी पवित्र आहे, आजही दर पावसाळ्यात हजारो पावले ती चालतात. पण त्या रात्री उजेड टाळणे हे शत्रूपासून लपण्यासाठी होते. ती माणसे पायी होती, वाट त्यांच्या पायाखालची होती. पायी चालणाऱ्याला पुढचे पाऊल चाचपता येते. सायकलच्या चाकाला तशी सोय नाही. सेकंदाला चार-पाच मीटर धावणाऱ्या चाकासाठी त्या रात्रीचा दाखला देणे हा तर्क नव्हे. त्या पराक्रमाचा मानही त्याने राखला जात नाही. त्या वाटेचा मान राखायचा असेल, तर रात्री मळलेल्या गाडीवाटेवरच राहावे, पठारावरची झाडझुडे चाकाखाली तुडवू नयेत आणि सोबतचा प्रत्येक माणूस धडधाकट घरी पोहोचवावा.

मग दुकानात करायचे काय? खोक्यावरची लांबी आणि लुमेन बाजूला ठेवा आणि दिवा लावून भिंतीपासून पाच मीटरवर उभे राहा. भिंतीवरचा कामाचा उजेड जवळजवळ पाच मीटर रुंद पडला, म्हणजे जेवढे अंतर तेवढीच रुंदी मिळाली, तर झोत पन्नास अंशांच्या वरचा आहे आणि हँडलसाठी उत्तम. अंतराच्या निम्मी रुंदी मिळाली, तर तो अठ्ठावीस अंशांच्या आसपासचा, म्हणजे हेल्मेटसाठी चांगला. पाव रुंदी मिळाली तर तो चौदा अंशांचा, आणि त्याला डांबरी रस्त्यावरच ठेवावे. मध्यभागी झगझगीत ठिपका आहे की उजेड एकसारखा उतरत जातो, हेही त्याच भिंतीवर दिसते. ज्यांच्याकडे आधीच अरुंद दिवा आहे त्यांनी तो फेकू नये. पुढे दुधी काच किंवा उजेड पसरवणारी फिल्म बसवली की थोडा उजेड खर्ची पडतो, पण तोच दिवा वाटेच्या कामाचा होतो.

एवढे सगळे लिहिण्यामागे एकच आग्रह आहे. दुकानदारांनी दिव्याची लांबी सांगण्याआधी झोताचा कोन सांगावा आणि गिऱ्हाइकाने तो विचारावा. रात्रीच्या फेऱ्या काढणाऱ्या मंडळांनी निघण्यापूर्वी हेल्मेट आणि ब्रेक पाहतात तसा प्रत्येकाचा दिवा भिंतीवर मारून पाहावा, आणि ज्याचा झोत हँडलइतकाही रुंद नाही त्याला त्या रात्री डांबरावरून परत पाठवावे. त्याला वाईट वाटेल, एक फेरी हुकेल. पण नव्या माणसाला लांब झोताची बॅटरी हातात देऊन जांभ्याच्या पायऱ्यांवर नेणे ही आपली चूक आहे आणि तिची किंमत तो मोजतो. अनुभवी म्हणवून घेणाऱ्यांनी या हंगामापासून हा सल्ला बदलावा : आधी रुंदी, मग लांबी.